मुलाचा खेळ, बापाचा डाव

(नभोवाणीवरील भाषण)



आर्वीसारख्या तालुक्याच्या गांवीं शालेय सामन्यांचा दिवस उजाडला म्हणजे मैदानावर एकाच वेळीं दोन सामने सुरू होतात. एक सामना आंखलेल्या रेषांच्या आंत चालतो. त्यांत चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें असतात, पंच असतो, शिट्टी असते, गुणफलक असतो. दुसरा सामना रेषांच्या बाहेर चालतो. त्यांत पंच नसतो, वेळेची मर्यादा नसते, आणि हार तर कोणालाच मान्य नसते. हा दुसरा सामना आईबापांचा. पावसानें काळी जमीन चिकट झालेली असते, कबड्डीची चढाई करणाऱ्या मुलाच्या पायांना मातीचे गोळे लागलेले असतात. आणि मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीं तो मुलगा क्षणभर प्रतिपक्षाकडे न पाहतां बाहेर उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पाहतो. त्या एका नजरेविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

हा विषय अर्धा जुना व अर्धा नवा आहे. खेळून पोट भरत नाहीं, असें सांगणारे वडील आपल्याकडे घरोघर होते, आणि अजूनहि आहेत. नागपूरकडील वेगवान गोलंदाज उमेश यादव याचे वडील कोळशाच्या खाणींत काम करीत. मुलानें पोलिसांत किंवा सैन्यांत नोकरी धरावी अशी त्यांची इच्छा होती. चामड्याचा चेंडू उमेशच्या हातीं आला तोच मुळीं विशीच्या सुमारास. पुढें २००८ सालीं तो विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि २०११ सालीं कसोटी सामना. वडिलांची इच्छा एकीकडे आणि मुलाचा खेळ दुसरीकडे, अशी ही सरळ तेढ होती. अशा तेढींत दुःख असतें, पण गोंधळ नसतो. कोणती इच्छा कोणाची, हें दोघांनाहि स्वच्छ दिसत असतें. मी ज्या स्थितीविषयीं बोलतों आहें ती याच्या अगदीं उलट आहे. येथें वडिलांची इच्छा मुलाच्या अंगांत शिरते, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधते, पहांटे त्याला हलवून उठविते. आणि कांहीं दिवसांनीं ही इच्छा नक्की कोणाची, हें त्या मुलालाहि सांगतां येत नाहीं. बापाचा अपुरा राहिलेला डाव मुलाच्या नांवावर पुढें चालूं होतो.

एक गैरसमज मात्र आरंभींच दूर केला पाहिजे. बापानें मुलाला खेळ शिकविणें यांत गैर कांहीं नाहीं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचे वडील स्वतः मल्ल होते, आणि कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना घरींच मिळाले. आपल्या भागाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. आर्वीच्या पश्चिमेस वर्धा नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो. त्या अमरावतींत १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि १९३६ सालीं त्याच मंडळाच्या पथकानें बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखविले. वडीलधाऱ्यांनीं मुलांना आखाड्यांत नेऊन सोडलें नसतें, तर ही परंपरा उभी राहिलीच नसती. परंतु विद्या देणें निराळें आणि आपली अपुरी हौस देणें निराळें. विद्या घेणारा मोठा होतो. हौस वाहणारा वांकतो.

हा भेद मनांत कसा उत्पन्न होतो, याचाहि शोध घेण्यांत आला आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, आईबापांना जें आयुष्य जगावयाचें राहून गेलें, त्याचा प्रभाव मुलांवर फार खोलवर पडतो. हा झाला एका चिंतकाचा विचार. २०१३ सालीं नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्याची प्रयोगानें परीक्षा पाहिली. आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांचे ७३ पालक त्यांनीं निवडले. त्यांत बहुसंख्य माता होत्या. कांहींना स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या आकांक्षा लिहून काढावयास सांगितलें, तर इतरांना परिचितांच्या अपुऱ्या आकांक्षा. नंतर आपल्या मुलाकडून त्यांची काय अपेक्षा आहे, हें विचारलें. स्वतःची जुनी निराशा ज्यांनीं नुकतीच आठवली होती, आणि मूल म्हणजे आपलाच एक अंश असें जे मानीत होते, त्यांनाच आपलें स्वप्न मुलानें पुरें करावें असें अधिक वाटलें. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हांच हा परिणाम दिसला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. निराशा तर प्रत्येकाच्या पदरीं असते. मूल हें आपल्यापासून वेगळें माणूस आहे, एवढें ज्याला उमगलें आहे, त्याची निराशा त्याच्याजवळच राहते. ती मुलाच्या वांट्याला येत नाहीं.

आतां आपल्या गांवचा विचार करूं. आमचा प्रदेश कापसाचा. पाऊस आणि भाव या दोहोंपैकीं एकावरहि ज्याची सत्ता चालत नाहीं, त्या माणसाला मुलाच्या खेळांत एक उघडें दार दिसतें. तें दार खोटें नाहीं. दहावी-बारावीच्या परीक्षेंत खेळाडूंना क्रीडागुण मिळतात. राज्यशासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. २००८ सालीं आय. पी. एल. सुरू झाल्यापासून तर क्रिकेटमधील पैसा घरोघर दूरचित्रवाणीवर दिसूं लागला. म्हणून एखादा बाप मुलाच्या सामन्याकडे शेताच्या आणेवारीप्रमाणें पाहूं लागला, तर त्याला हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. त्यानें हिशेब मात्र पुरा मांडावा.

तो हिशेब असा. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनीं त्या वर चढतात. वर्धा जिल्ह्यांत आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, वर्धा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. वर्ध्याला जिंकलेला संघ नागपूर विभागांत इतर जिल्ह्यांशीं खेळतो, आणि तेथें जिंकला तर राज्यांतील आठ क्रीडा-विभागांच्या स्पर्धेंत उतरतो. महाराष्ट्रांत साडेतीनशेंहून अधिक तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यांत कोणी तरी अजिंक्य ठरतो, आणि राज्यांत एकच संघ अजिंक्य ठरतो. याचा अर्थ असा कीं, ज्या मुलाच्या गळ्यांत आज आर्वीला हार पडला, त्याचा बहुधा पुढच्या एखाद्या पायरीवर पराभव व्हावयाचाच आहे. खेळाची रचनाच तशी आहे. यांत त्या मुलाचा अपराध नाहीं. पण ज्या घरीं खेळ म्हणजे घराण्याचा उद्धार असा संकल्प सोडलेला असतो, तेथें हा साधा पराभव अपराध ठरतो.

या ओझ्याचे परिणाम तीन ठिकाणीं दिसतात. पहिला परिणाम शरीरावर. वाढत्या वयांतील हाडांच्या टोकांशीं वाढीचा मऊ भाग असतो. एकच हालचाल बारा महिने होत राहिली कीं त्यावर ताण येतो. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१६ सालीं असा सल्ला दिला कीं, बहुतेक खेळांत सुमारें पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपूं नये. आठवड्यांत एक-दोन दिवस पूर्ण विसांवा द्यावा. आणि वर्षांतून एकंदर तीन महिने, हवे तर महिन्या-महिन्यानें विभागून, तो खेळ बाजूला ठेवावा. आम्हां कापूसवाल्यांना हें समजावयास कठीण जाऊं नये. हिरवें बोंड नखानें उकललें म्हणून कापूस लौकर मिळत नाहीं. मिळतो तो ओला, निर्जीव तंतु, आणि बोंड मात्र कायमचें वायां जातें.

दुसरा परिणाम सत्यावर. मुलानें लहान गटांत खेळून चमकावें म्हणून त्याची जन्मतारीखच पुढें ढकलणारे पालक आहेत. डिसेंबर २०१५ मध्यें दिल्लीस दिलेल्या पतौडी स्मृति-व्याख्यानांत राहुल द्रविड यांनीं या प्रकारावर कठोर टीका केली. वडीलधारींच खोटें बोलतांना दिसल्यावर मूल त्यांतून काय शिकणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. २०२० सालीं क्रिकेट नियामक मंडळानें अशा खेळाडूंना स्वतःहून खरें वय सांगण्याची संधि दिली, आणि जे लपवितील त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर केली. मनगटाच्या हाडाचें क्ष-किरण चित्र घेऊन वयाचा अंदाज बांधतां येतो. कागद कसाहि लिहिला तरी हाड खोटें बोलत नाहीं. परंतु हाडापर्यंत गोष्ट जाण्यापूर्वींच मुलाच्या मनांत एक शिकवण रुजलेली असते: आपण जसे आहोंत तसे बाबांना पुरेसे नाहीं.

तिसरा परिणाम खेळाच्या आनंदावर, आणि तो सर्वांत हळू व सर्वांत खोल असतो. येथें एक गोष्ट आठवते. ५ जानेवारी २०१६ रोजीं कल्याण येथें भंडारी चषकाच्या शालेय सामन्यांत प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानें नाबाद १,००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडांत १८९९ सालीं ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलानें केलेला ६२८ धावांचा उच्चांक तेव्हां मोडला. वडील रिक्षा चालवीत. मुंबई क्रिकेट संघटनेनें त्या मुलाला पांच वर्षांसाठीं दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ति दिली. एका दिवसांत सारा देश त्याचा पालक होऊन बसला, आणि प्रत्येक पालकाची अपेक्षा निराळी. पुढें खेळांत तशी चमक राहिली नाहीं. तेव्हां २०१७ सालीं त्याच्या वडिलांनीं आपण होऊन ही शिष्यवृत्ति थांबवावी असें संघटनेला कळविलें. मला त्या हजार धावांइतकेंच हें पत्र मोठें वाटतें. ज्या बापाला मुलाच्या कीर्तीवर आयुष्य काढतां आलें असतें, त्यानें पराक्रमाचा आणि पैशाचा हिशेब वेगळा केला.

आतां थोडें माझ्या घरचें सांगतों. दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्यानें तेवढें सांगणें न्यायाचें आहे. माझें बालपण आर्वीजवळच्या एका खेड्यांत गेलें. नववींत असतांना आठशें मीटर धांवण्यांत मी तालुक्यांत पहिला आलों. जिल्ह्याची शर्यत वर्ध्यास होती. नेमका त्याच आठवड्यांत शेतांत कापूस फुटून पांढरा झाला होता, मजूर मिळेनात, आणि आभाळ भरून आलें होतें. वडिलांनीं मला वेचणीसाठीं घरीं ठेवून घेतलें. त्यांचें चुकलें असें मला आजहि वाटत नाहीं. पण न धांवलेली ती शर्यत माझ्या पायांत राहून गेली.

पुढें माझी मुलगी सातवींत असतांना शाळेंत हौसेनें धांवूं लागली. मला आनंद झाला, आणि तेथेंच घात झाला. मीं वेळ मोजण्याचें घड्याळ विकत आणलें. पहांटे साडेचारला तिला उठवूं लागलों. रविवारचा विसांवा बंद केला. ती तालुक्यांत जिंकली तेव्हां पेढे मीं वांटले. जिल्ह्याच्या शर्यतींत ती पांचवी आली. मी एक शब्दहि रागानें बोललों नाहीं, आणि त्या संयमाचा मला अभिमान वाटला. वर्ध्याहून आर्वीपर्यंत एस. टी.त शेजारी बसून मी खिडकीबाहेर पाहत राहिलों. तें मौन किती जड होतें, हें पुढें कळलें. दोन आठवड्यांनीं तिच्या नडगीला सूज दिसली म्हणून डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तिला विचारलें, “किती दिवसांपासून दुखतें, बाळ?” उत्तर देण्यापूर्वीं तिनें माझ्याकडे पाहिलें. दुखणें दोन महिन्यांचें होतें. स्वतःच्या पायाचें दुखणें सांगावयास तिला माझी परवानगी हवी होती.

डॉक्टरांनीं सहा आठवडे धांवणें बंद केलें. सहा आठवड्यांनीं मीं तिला काय करणार असें विचारलें, आणि प्रथमच उत्तराची वाट पाहिली. तिनें धांवणें सोडलें. आतां ती शाळेच्या खो-खोच्या संघांत आहे, बहुधा राखीव. पण सायंकाळीं घरीं येते ती हंसत येते, आणि खेळांत काय झालें तें न विचारतां सांगते. तें घड्याळ मात्र वायां गेलें नाहीं. तें घेऊन एका पहांटे मी एकटाच मैदानावर गेलों आणि आठशें मीटर धांवलों. पांच मिनिटें चाळीस सेकंद लागले. मैदानावर एक कुत्रें तेवढें होतें, आणि तेंहि शेवटपर्यंत थांबलें नाहीं. पण माझी शर्यत अखेर मीं धांवली.

श्रोत्यांपैकीं कोणाला आपल्या घरची स्थिति पारखावयाची असेल, तर चार खुणा सांगतों. पहिली खूण आपल्या बोलण्यांत. मुलाचा सामना सांगतांना ‘तो खेळतो’ ऐवजीं ‘आम्ही खेळतों’ असें तोंडांतून वारंवार जाऊं लागलें कीं सावध व्हावें. दुसरी खूण सामन्यानंतरच्या पहिल्या वाक्यांत. आपण आधीं गुण विचारतों कीं भूक लागली काय हें विचारतों? तिसरी खूण टाळींत. दुसऱ्याच्या मुलानें सुंदर गडी बाद केला तर आपले हात जुळतात काय? ज्याचें प्रेम खेळावर आहे तो कोणाच्याहि खेळाला टाळी देतो. ज्याचें प्रेम स्वतःवर आहे त्याचे हात खिशांतच राहतात. चौथी खूण सर्वांत कठीण. मुलानें उद्यां हा खेळ सोडला, तर मोकळी झालेली सायंकाळ कोणाला खावयास उठेल, मुलाला कीं आपल्याला?

उपाय फारसे अवघड नाहींत. शिकविण्याचें काम शिक्षकाकडे सोंपवावें, आणि रेषेबाहेरून दुसरे शिक्षक होऊं नये. एका मुलाला दोन दिशांनीं दोन आज्ञा मिळाल्या म्हणजे तो कोणतीच ऐकूं शकत नाहीं. घरीं परततांना सामन्याचा विषय मुलानें काढला तरच बोलावें. कोणता खेळ, हेंहि त्याला ठरवूं द्यावें. नागपूरच्या दिव्या देशमुखचें उदाहरण ताजें आहे. आईवडील दोघेहि डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटनकडे गेली, आणि दिव्या वळली ती बुद्धिबळाकडे. जुलै २०२५ मध्यें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तिनें बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. प्रत्येक मुलगी विश्वचषक जिंकणार नाहीं. पण एकाच घरांतल्या दोन मुलींच्या वाटा दोन असूं शकतात, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें. आणि शेवटचा उपाय, जो मला उशिरां सुचला: आपली हौस शिल्लक असेल तर ती आपणच फेडावी. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मैदान मज्जाव करीत नाहीं.

आरंभीं मीं त्या कबड्डीच्या मुलाची नजर सांगितली. तो बापाकडे पाहतो, तेव्हां त्याला हवें असतें तें फार थोडें. चढाई फसली तरी बाबा तेथेंच उभे असतील, एवढीच खात्री त्याला हवी असते. ती खात्री त्याला मिळाली कीं तो मान वळवील, रेषेकडे पाहील आणि आपला श्वास धरून आपल्या पायांनीं पलीकडे जाईल. येत्या हंगामांत आपण मैदानावर गेलांत, तर त्या नजरेला तेवढें उत्तर द्या, इतकेंच मागून मी आपली रजा घेतों.